गाव गप्प का आहे?

आदरणीय ताई,

मी मूळची पाटण तालुक्यातली. गेली चार वर्षं वेल्समध्ये स्वान्सीला एका हॉस्पिटलात नर्स आहे. मराठीत एक भयकादंबरी लिहायला घेतली आहे, निम्मी झाली. वेल्सच्या डोंगरात ‘ब्लॅकवेल’ नावाचं एक काल्पनिक, आडबाजूचं गाव. पुण्याची एक तरुण डॉक्टर वर्षभराच्या बदलीवर तिथे येते. तिला पाहिलं की गावकरी गप्प होतात आणि आपसात वेल्श बोलायला लागतात. चर्चच्या मागे एक तळं आहे. दर सात वर्षांनी गाव त्या तळ्याला एका परक्या माणसाचा बळी देतं, हे तिला हळूहळू कळत जातं.

वॉर्डातली माझी एक मैत्रीण उत्तर वेल्सची, बालाजवळची आहे. चहाच्या सुट्टीत मी तिला ही गोष्ट सांगितली. तिने सगळी ऐकली, कप धुऊन ठेवला आणि एवढंच विचारलं, “तळ्याचं तुला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, मीच रचलं. तेव्हापासून ती कामापुरतंच बोलते. ताई, गोष्ट तर पूर्ण काल्पनिक आहे. माझं काय चुकलं? लिहू की सोडून देऊ? आणि लिहायचीच तर गुपित आणखी भयानक कसं करू? मला स्वतःलाच ते कमी पडतंय असं वाटतं.

ता. क. माझ्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. त्यामुळे तळं, धरण यांची वर्णनं मला चांगली जमतात, असं घरचे म्हणतात.

– स. पा., स्वान्सी

प्रिय स.,

सोडू नका, लिहा. पण आधी मैत्रिणीचं बघू. तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर तिच्या त्या एका वाक्यात आहे.

बालातून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलं की काही मैलांवर एक मोठा जलाशय लागतो, लिन केलिन. ‘लिन’ म्हणजे तळं. भोवती गवताळ डोंगर, मेंढ्या, बहुतेक वेळा बारीक पाऊस. त्या पाण्याच्या तळाशी कॅपेल केलिन नावाचं गाव आहे. शाळा, पोस्ट, चॅपेल, दफनभूमी, घरं, शेतं, सगळं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. तिथल्या महापालिकेने १९५७ मध्ये थेट ब्रिटिश संसदेतूनच कायदा करून घेतला, कारण तसं केलं की वेल्समधल्या स्थानिक यंत्रणेची परवानगी मागावी लागत नव्हती. वेल्सचे तेव्हा ३६ खासदार होते. त्यांतल्या एकानेही बाजूने मत दिलं नाही. कायदा तरीही झाला.

त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ च्या नोव्हेंबरात, ही माणसं पोराबाळांना घेऊन लिव्हरपूलला गेली होती आणि हातात फलक धरून तिथल्या रस्त्यांवरून चालली होती. तुमची घरं सुरक्षित आहेत, आमची वाचवा, असं एका फलकावर लिहिलेलं होतं. खोऱ्यातल्या ६७ माणसांपैकी ४८ जणांची घरं गेली. दफनभूमीतले काही थोडे मृतदेह नातेवाइकांच्या सांगण्यावरून हलवले. बाकीचे तिथेच राहिले. त्यांच्यावरचे दगड काढून घेतले, वर काँक्रीट घातलं आणि मग पाणी सोडलं. १९६५ च्या ऑक्टोबरात जलाशयाचं रीतसर उद्घाटन झालं. लिव्हरपूलच्या महापालिकेने माफी मागितली ती २००५ मध्ये.

बालाच्या आसपास वाढलेल्या मुलीला हे कुणी मुद्दाम शिकवावं लागत नाही. आता तिच्या कानांनी तुमची गोष्ट ऐका. वेल्सचं एक आडगाव. तिथे तळं. तळ्यात माणसं बुडवतात. बुडवणारे कोण, तर गावकरी, आणि बुडणारा कोण, तर बाहेरून आलेला परका. तिच्या मुलखात जे घडलं ते तुम्ही नेमकं उलटं केलंत. तिथे बाहेरच्यांनी पाणी आणलं आणि गाव बुडवलं. तुम्हाला हे माहीत नव्हतं, म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही. पण तिच्या जागी मी असते तर मीही कप धुऊन ठेवून गप्प बसले असते.

आणि हे काही एकच गाव नाही. त्याच लिव्हरपूलसाठी १८८० च्या दशकात लानउद्दिन नावाचं अख्खं गाव पाण्याखाली गेलं होतं. त्यानंतर बर्मिंगहॅमसाठी एलान खोरं गेलं. एपिंटच्या डोंगराची गोष्ट तर पाण्याचीसुद्धा नाही. १९४० मध्ये युद्धखात्याने तोफांच्या सरावासाठी तो डोंगर ताब्यात घेतला. ५४ घरं, २१९ माणसं, सगळी वेल्श बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखणारी. काही महिन्यांत निघा, असं सांगितलं. आजही तिथे लष्कराचाच सराव चालतो. इओरवर्थ पीट हे लोकसंस्कृतीचे अभ्यासक गाव उठत असताना तिथे गेले होते. एका घराच्या अंगणात एक म्हातारी बाई खुर्ची टाकून बसली होती. तोंड डोंगराकडे, डोळ्यांतून पाणी. तिने यांना विचारलं, कुठून आलात? कार्डिफहून, असं ते म्हणाले. ती म्हणाली, बाळा, होईल तितक्या लवकर परत जा, इथे जगाचा शेवट झालाय.

तुमच्या हस्तलिखितात असं एक वाक्य येईपर्यंत गुपित कमीच पडणार.

का कमी पडतंय, तेही सांगते. बळी देणारं गाव आपण सगळ्यांनी इतक्या वेळा वाचलेलं, पाहिलेलं आहे, की गावात पाऊल ठेवल्याबरोबर वाचकाला शेवट कळतो. पण त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. तुमच्या गावकऱ्यांच्या क्रौर्याला कारणच नाही. ते क्रूर आहेत, कारण ते आडगावातले आहेत, त्यांची भाषा कळत नाही आणि ते परक्याकडे रोखून बघतात. बस, एवढंच. असं गाव तुम्ही रचलेलं नाही, तुम्हाला ते आयतं मिळालंय. आणि वेल्सच्या बाबतीत ते कुठून आलं, याचा एक मोठा धागा आपल्याला सापडतो.

१८४६ मध्ये ब्रिटिश सरकारने वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करायला तीन आयुक्त पाठवले. तिघेही इंग्रज आणि तिघांनाही वेल्श येत नव्हती. खेड्यांतली बहुतेक माणसं तेव्हा वेल्शशिवाय दुसरं बोलतच नसत. आयुक्तांनी ऐकून घेतलं ते बरंचसं इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या पाद्र्यांचं, आणि लोक तर मोठ्या संख्येने चॅपेलला जाणारे, त्या चर्चपासून फुटून निघालेले. १८४७ मध्ये अहवालाचे तीन निळे खंड निघाले. शाळा वाईट आहेत, इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांत असंही होतं, की ही माणसं आळशी आहेत, अज्ञानी आहेत, बायका चारित्र्यहीन आहेत आणि या सगळ्याच्या मुळाशी त्यांची भाषा व त्यांचं चॅपेल आहे. वेल्समध्ये या प्रकाराला आजही ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ म्हणतात. डोंगरात राहणारी, न कळणारी भाषा बोलणारी, काहीतरी लपवणारी माणसं. तुमचं ब्लॅकवेल त्या निळ्या पुस्तकांत आधीच वसलेलं आहे.

त्यामुळे ‘ती आली आणि सगळे वेल्श बोलायला लागले’ हा प्रसंग आधी काढून टाका. हा वेल्समधला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत दुखरा किस्सा आहे. कुणीतरी पबचं दार उघडून आत जातं आणि बाहेर येऊन सांगतं, की मला बघून त्यांनी भाषा बदलली. अहो, ती माणसं आधीपासून वेल्शच बोलत होती! २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये ५ लाख ३८ हजार माणसांनी आपल्याला वेल्श येते असं सांगितलं, म्हणजे शंभरात जेमतेम अठरा. पण ग्विनेडमध्ये हेच प्रमाण शंभरात चौसष्ट आहे. बाला तिथलंच. तिथे दुकानात, दवाखान्यात, मेंढ्यांच्या बाजारात लोक वेल्शच बोलणार. तुम्ही आणि एखादी कोल्हापूरची नर्स लिफ्टमध्ये मराठीत बोलत असताना तिसऱ्याने आत येऊन घाबरून जावं, असा तो प्रकार आहे.

हा प्रसंग उलटा करून बघा. तुमची डॉक्टर दवाखान्यात एका म्हाताऱ्याला तपासते आहे. तो तिच्याशी इंग्रजीत बोलतो, पण दुखतंय कुठे ते इंग्रजीत सांगताना अडखळतो. वेल्श शब्द ओठांवर येतो आणि तो तो गिळतो. तिला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. तो काय गिळतोय ते पुढे कळू दे. एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवत, त्यावर डब्ल्यू आणि एन ही दोन अक्षरं कोरलेली, म्हणजे ‘वेल्श नको’. तो गळ्यातून काढायचा एकच मार्ग होता. दुसऱ्या मुलाला वेल्श बोलताना पकडायचं, गुरुजींना नाव सांगायचं आणि तुकडा त्याच्या गळ्यात जायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. म्हणजे दिवसभर सात-आठ वर्षांची मुलं आपल्याच मित्राच्या तोंडातून आईची भाषा कधी निसटते याची वाट बघत राहायची. भयकथा लिहिणाऱ्या बाईला मी याहून भयानक यंत्र दाखवू शकत नाही. ते रक्ताचा थेंब न सांडता चालतं आणि त्याचा आवाज पुढच्या दोन पिढ्यांच्या घशात राहतो. तुमच्या गोष्टीतल्या म्हाताऱ्याला तो तुकडा पणजोबांकडून आलेला असू शकतो, वस्तू म्हणून नव्हे, सवय म्हणून.

मग गावाला स्वतःचं काळं गुपित असूच नये का? असावं. गावं काही देवमाणसांची नसतात, आणि वेल्सची गावं नुसती बिचारी रंगवणं हाही एक अन्यायच. पण ते गुपित त्या मातीतलं असू दे. एक खरी गोष्ट सांगते. बेथेस्डा हे उत्तर वेल्समधलं पाटीच्या दगडाच्या खाणीचं गाव. १९०० च्या नोव्हेंबरात तिथल्या पेनरिन खाणीतले सुमारे २८०० कामगार बाहेर पडले. तीन वर्षं टाळेबंदी. मधेच, १९०१ च्या जूनमध्ये, चारेकशे जण कामावर परतले आणि मालकाकडून त्यांच्या हातावर सोन्याचा एक एक पौंड पडला. त्यानंतर गावात घराघराच्या खिडकीत छापील कागद लागले. त्यांवर वेल्शमध्ये लिहिलेलं होतं, ‘या घरात गद्दार नाही’. ज्या खिडकीत कागद नाही, तिथे काय आहे ते न विचारता सगळ्यांना कळायचं. आणि खिडकीत कालपर्यंत असलेला कागद आज सकाळी नाही, म्हणजे रात्री त्या घरात काय बोलणं झालं असेल? पोरं उपाशी असतील, बायको बोलली असेल. तो कागद काढणारा हात कुणाचा होता? अशी दुही पिढ्यान्‌पिढ्या टिकते. एकाच बाकावर बसणारी माणसं आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत आणि नातवंडांना का ते माहीत नसतं.

तुमची डॉक्टर अशा गावात येऊ दे, जिथे एका घराशी कुणी बोलत नाही. गाव गप्प आहे, पण तिच्यामुळे नाही. तिच्या येण्याशी त्या गप्प बसण्याचा काही संबंधच नाही, हे तिला कळायला निम्मी कादंबरी जाऊ दे. परक्या माणसाला नेहमी वाटतं, की सगळं आपल्याभोवती चाललंय.

आणि मग तळं. तळं ठेवाच. फक्त त्याच्या काठावर एक फाइल ठेवा. मी विचार करते तेव्हा मला वेल्सच्या गेल्या दीडशे वर्षांतली सगळ्यांत भीतीदायक वस्तू म्हणून कागदच दिसतो. नकाशा, पत्र, ठराव. शहरातल्या कुठल्यातरी टेबलावर गावाभोवती पेन्सिलने एक रेघ ओढलेली आहे आणि गावाला अजून पत्ता नाही. गावातल्या एकाच माणसाला ते कळलेलं आहे. पोस्टमास्तर असेल, चॅपेलमधला एखादा वडीलधारा असेल. त्याने ते कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्याच्या जमिनीला चांगला भाव येणार आहे. हे झालं गुपित. बळी संबंध गावाचा आहे आणि बळी देणारा दर रविवारी सगळ्यांबरोबर स्तोत्रं म्हणतो. हा माझा आराखडा जसाच्या तसा घ्या असं नाही, पण भीती या दिशेला आहे.

इथे एक गोष्ट मात्र मी तुम्हाला निक्षून सांगते. वेल्स, डोंगर, दुर्लक्ष असं शोधत गेलात की तुम्ही अबरव्हॅनला पोचाल. तिथे गावाच्या वरच्या अंगाला कोळशाच्या खाणीतल्या कचऱ्याचे ढीग होते आणि सात नंबरचा ढीग झऱ्यावर रचलेला होता. झरा नकाशात होता. गावकऱ्यांना माहीत होता. शाळेच्या मागे हा गाळ टाकणं धोक्याचं आहे, असं पत्र तिथल्या नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ मध्येच लिहिलं होतं. २१ ऑक्टोबर १९६६ ला सकाळी सव्वानऊला तो ढीग शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांतली ११६ मुलं. चौकशीत कोळसा मंडळावर ठपका आला, पण खटला कुणावरही भरला नाही. उलट, उरलेले ढीग हलवायला लोकांनी मदत म्हणून पाठवलेल्या निधीतून दीड लाख पौंड घेतले. ते परत मिळाले १९९७ मध्ये. त्या वर्गांतून वाचलेली मुलं आज साठीच्या पुढे आहेत, हयात आहेत, तुमच्याच हॉस्पिटलात एखाद्या दिवशी तपासायला येतील. म्हणून अबरव्हॅन वाचा, समजून घ्या, त्यातून राग घ्या. पण नाव बदलून, ढिगाच्या जागी काही दुसरं घालून भयकथेत वापरू नका. काही दुःखांना आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं आणि त्या दुःखाच्या बाबतीत ती पाळी तुमची-माझी नाही.

आता थोडी लेखनातली डागडुजी. हे मी भरभर सांगते.

गावाचं नाव बदला. वेल्श बोलणाऱ्या खोऱ्यातल्या गावाला ब्लॅकवेल म्हणणार कोण? तिथली नावं मातीशी बोलतात. ‘कुम’ म्हणजे खोरं, ‘नांत’ ओढा, ‘ब्रिन’ टेकडी, ‘अबर’ नदीचं मुख, ‘ऱ्हीद’ म्हणजे नदीचा उतार. डोमकावळ्याला ते ‘किग्व्रान’ म्हणतात. डोमकावळ्याचा उतार असं नाव करायचं तर ते ‘ऱ्हीद-अ-गिग्व्रान’ होईल. ‘क’चा ‘ग’ झाला, पाहिलंत? मागच्या शब्दाप्रमाणे पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर तिथे बदलतं. या एका अक्षराची एक गोष्ट आहे. कॅपेल केलिनचं खोरं त्रवेरिन नदीचं. १९६० च्या दशकात अबेरिस्टविथजवळ हमरस्त्याच्या कडेच्या एका पडक्या भिंतीवर कुणीतरी पांढऱ्या रंगात लिहिलं, ‘त्रवेरिन लक्षात ठेवा’. लिहिणारे पुढे नावाजलेले लेखक माइक स्टीव्हन्स. घाईत अक्षर बदलायचं राहून गेलं, ‘त’चा ‘द’ व्हायला हवा होता. नंतर कधीतरी ती चूक दुरुस्त झाली आणि आज तिथे ‘कोव्युख द्रवेरिन’ असं शुद्ध वाचायला मिळतं. २०१९ मध्ये कुणीतरी ती भिंत खराब केली, पाडली. लोकांनी ती पुन्हा बांधली आणि वेल्सभर तेच दोन शब्द कितीतरी भिंतींवर उमटले. तुमच्या कादंबरीत वेल्शचं एकच वाक्य आलं तरी ते शुद्ध असू दे, ते याचसाठी. तुम्ही ठरवाल त्या नावाचं गाव खरोखर नकाशात नाही ना, तेवढंही बघून घ्या.

चर्च काढा, चॅपेल आणा. अशा गावात जीव असतो तो चॅपेलमध्ये. व्यासपीठाखाली एक खास बैठक असते, तिला ‘सेत वाउर’, म्हणजे मोठं आसन म्हणतात. तिथे गावातली वडीलधारी मंडळी बसतात. लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलीला मंडळीतून काढून टाकायचा निर्णय एके काळी तिथे होत असे, सगळ्यांच्या देखत. मोठ्या आसनावरच्या सहा म्हाताऱ्यांची नजर ही तुमच्या सगळ्या मशाली-मुखवट्यांपेक्षा जड आहे.

माणसांची नावं. जोन्स, एव्हन्स, विल्यम्स, डेव्हिस एवढ्यावरच गाव संपतं, म्हणून माणूस ओळखला जातो तो धंद्यावरून नाहीतर शेताच्या नावावरून. दूधवाला जोन्स, दुकानवाला एव्हन्स. आपल्याकडे एका गावात वीस पाटील असले की आपण काय करतो, तेच. आणि तुमची डॉक्टर ‘बदलीवर’ जात नाही हो, ती लोकम म्हणून, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरच्या जागी तात्पुरतं काम करायला जाईल. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. लिहिताना मराठी कादंबरीची सवय आड आली, दुसरं काही नाही.

भुतंखेतं हवी असतील तर तिथलीच घ्या, भरपूर आहेत. मला सगळ्यांत आवडतात ती ‘कून आनून’, परलोकातली शिकारी कुत्री. ती लांब असतात तेव्हा त्यांचं भुंकणं मोठ्याने ऐकू येतं आणि जवळ येऊ लागली की आवाज बारीक होत जातो. तुमच्या डॉक्टरला रात्री डोंगरापलीकडे कुत्री भुंकताना ऐकू येऊ दे. मग आवाज कमी झाला म्हणून ती निवांत झोपू दे. वेल्श वाचक तिथे ताठ बसेल आणि मराठी वाचकाला दोन प्रकरणांनंतर कळेल. मरणाच्या आधी घरापासून दफनभूमीपर्यंत रस्त्याने एकटाच चालत जाणारा दिवाही तिथे आहे, प्रेतदिवा. तो घाबरवायला येत नाही. माणसांनी तयारीत राहावं म्हणून संत डेव्हिडने देवाकडून मागून घेतलेली ती खूण आहे, असं सांगतात. भूतसुद्धा गावाची काळजी करतं, अशी ही कल्पना. ती नीट वापरा.

मैत्रिणीकडे जा. चहाच्या सुट्टीत नको, सुट्टीच्या दिवशी. “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” असलं अर्धवट बोलू नका. “मला लिन केलिनबद्दल काही माहीत नव्हतं, आता वाचलंय, माझी गोष्ट मी बदलतेय” एवढं सरळ सांगा. मग थांबा. ती बोलली तर ऐका, वही काढू नका. नाही बोलली तर तिला बोलतं करायला जाऊ नका. तिच्या मुलखाचं दुःख तुम्हाला समजावून सांगणं ही काही तिची ड्यूटी नाही. हस्तलिखित तपासून दे, हे तर अजिबात म्हणू नका. मात्र तिला एक गोष्ट जरूर सांगा, आणि ती म्हणजे तुमच्या ता. क. मधली आजीच्या गावाची.

स., तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ओळीवर अडखळले. ‘आजीचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं, त्यामुळे वर्णनं चांगली जमतात.’ अहो, त्यामुळे फक्त वर्णनं जमतात? साठच्या दशकात इकडे कोयनेचा शिवसागर जलाशय भरत होता आणि त्याच दशकात तिकडे लिन केलिन. तुमची आजी आणि तुमच्या मैत्रिणीच्या मुलखातल्या बायका एकाच वेळी चुली विझवून निघाल्या होत्या. आपल्याकडची माणसं तर रायगड, ठाणे, सोलापूर अशी कुठल्या कुठे पांगली. तुमची डॉक्टर पुण्याची कशाला? ती पाटणची असू दे. गावाच्या तळ्याकडे बघून घाबरण्याऐवजी तिला ते ओळखीचं वाटू दे. तिथल्या म्हाताऱ्याला जे इंग्रजीत सांगता येत नाही ते तिला मराठीत माहीत आहे. परक्या माणसाने गावाचं गुपित शोधण्याची गोष्ट अनेकांनी लिहिली आहे. दोन बुडालेल्या गावांची माणसं एका टेबलावर बसली आहेत आणि दोघांनाही ते कळलेलं नाही, ही गोष्ट मी तरी मराठीत वाचलेली नाही.

एका मे महिन्यात मी उजनीच्या फुगवट्यात पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलेलं पाहिलं होतं. चिखल वाळून भेगा पडलेल्या, दगडांच्या खाचांत शिंपले अडकलेले. एक बाई चपला काढून, तापलेल्या दगडावरून अनवाणी चालत गाभाऱ्याकडे गेली, नारळ फोडला आणि पाणी शिंपडलं. देवळावर एरवी पाणीच असतं, त्यावर पुन्हा ओंजळभर पाणी. मी तिला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आजही वाटतं.

तुम्ही विचारा. आजी असतील तर या रविवारी फोन लावा, नसतील तर आईला विचारा. निघताना बरोबर काय घेतलं, काय राहिलं, देव कुणी उचलले, जनावरांचं काय केलं? गावात सगळ्यांत आधी कुणाला कळलं होतं आणि त्याने ते किती दिवस सांगितलं नव्हतं? हा शेवटचा प्रश्न जपून विचारा.

आणि पहिलं प्रकरण नव्याने लिहिलंत की मला पाठवा. बरोबर आजीच्या गावाचं नावही लिहा, तुमच्या पत्रात ते कुठेच आलेलं नाही.

तुमची,
ताई